बिनधुराचं घर

बारावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मी मनातल्या मनात अमळनेरला राहायलासुद्धा गेले होते. कॉलेज मी आतून पाहिलेलं नव्हतं. एकदा आबांबरोबर सरकीच्या कामाला गेले असताना फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहिले, तेवढंच. पण तेवढ्यावर मी सगळं रचलं होतं. मुलींचं वसतिगृह, खिडकीजवळची खाट, पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि शनिवारी घरी यायला चोपड्याची एसटी. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात सायन्स घेऊन बारावी झालेली मुलगी तोवर मीच. आबा म्हणजे माझे वडील. पुढच्या शिक्षणाचं विचारलं की ते "बघू" म्हणायचे, आणि आमच्या आबांचं "बघू" म्हणजे अर्धा होकार असायचा. उरलेला अर्धा मिळवायला मी त्या दिवसांत न सांगता गोठा झाडत होते, त्यांचे कपडे इस्त्री केल्यासारखे घडी घालून उशाखाली ठेवत होते. आणि नेमकी तेव्हा, प्रवेशाला थोडे दिवस उरलेले असताना, आमच्या दारात जीप येऊन उभी राहिली.

जीपमधून उतरले ते साहेब पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतले. तरुण होते, चष्म्याच्या काचेवर धूळ बसली की शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि धूळ आणखी पसरवायचे. त्यांना खेड्यातलं एक साधं घर हवं होतं. चार घरं बघून त्यांना आमचं पसंत पडलं, कारण आमच्या मागच्या अंगणातून थेट शेत आणि शेतापलीकडे सातपुडा दिसत होता, मध्ये आडवं काही नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी आबांना समजावलं. माणूस जे जे जाळतो त्याचा धूर वर जातो, चुलीचा, शेतातल्या काड्यांचा, गाड्यांचा, कारखान्यांचा. वाऱ्याबरोबर तो कुठच्या कुठे जातो, समुद्रावर जातो, ढगांत मिसळतो, आणि त्यानं पाऊस न् ऊन दोन्ही बदलायला लागलेत अशी शंका आहे. जगभर लोक हे मोजताहेत. तशी एक पेटी जळगावला रस्त्यावर लावलीय, एक वर जंगलात, आणि एक इथं लावायचीय. आबांनी सगळं मान हलवत ऐकलं. त्यांच्या डोक्यात त्यातलं एकच शिरलं, की आपल्या घराची हवा जगाच्या कामाला येणार. त्यांचा चेहरा असा फुलला की थोरल्या मुलीचं स्थळ आलं तेव्हाही फुलला नव्हता.

"पण रोज सकाळी न् संध्याकाळी पेटीतला कागद बदलायला लागेल," साहेब म्हणाले. "हात न लावता, चिमट्यानं. कुणी शिकलेलं आहे का घरात?"

"आहे ना! आमची शकू. बारावी सायन्स!" आबा म्हणाले.

"कॉलेजला नाही जात?"

"पुढच्या सालाला जाईल. एका सालानं काय बिघडतं?"

मी दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. अहो, मला कुणी विचारलंसुद्धा नाही! साहेबांनी माझ्याकडे बघून "वा, छान" म्हटलं आणि चहा प्यायले. इतक्या सहज माझं एक वर्ष गेलं. रागानं माझ्या हातातला तांब्या कलंडला आणि माझेच पाय भिजले.

पेटी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर बसवली, स्वयंपाकघराच्या डोक्यावर. पांढरी, चार पायांची, वर उतरतं छप्पर आणि पोटात मोटर. मोटर हवा ओढायची, हवेतलं जे काय असेल ते गोल पांढऱ्या कागदावर बसायचं. मी शिडीनं वर चढायचं, चिमट्यानं कागद काढायचा, डबीत ठेवायचा, दुसरा लावायचा. काम एवढंसं, पण सकाळचा एक खुंटा आणि संध्याकाळचा एक खुंटा, मध्ये मी. कुठं जायचं म्हटलं तर जाऊन येऊन तेवढ्यात परत. मामाच्या मुलाचं लग्न झालं, घरातले सगळे गेले, मी कागदासाठी मागं. माझ्याबरोबर बारावी झालेली मैत्रीण शेजारच्या गावची, तिचे मार्क माझ्याहून कमी, ती अमळनेरला गेली. सुट्टीत यायची आणि त्या प्रयोगशाळेच्या गोष्टी सांगायची, अ‍ॅसिडनं ओढणीला भोक पडलं ते दाखवायची. मला त्या भोकाचा हेवा वाटायचा. आणि त्या मोटरची घरघर! दिवसभर डोक्यावर. जेवताना, निजताना, देवापुढं हात जोडताना. लाइट गेली की ती थांबायची आणि मग अचानक गाव ऐकू यायचं, लांबच्या केळीच्या बागेतलं पाणी, बैलांच्या घंटा. मला वाटायचं सुटले. तेवढ्यात आबांचा आवाज यायचा, "शकू, कथा जाऊ नको, लाइट येई आते." म्हणजे कुठंही जायचं नाही.

पण खरा तुरुंग आबांनी बांधला. साहेब जाताना सहज बोलून गेले होते की पेटीजवळ कुणी बिडी ओढत उभं राहू नये, मुद्दाम धूर करू नये. झालं! आमचे आबा पाहुण्याचा शब्द खाली पडू देणारे नव्हते. पाहुणा पाणी मागेल तर ते ताक देणार, आणि साहेबांनी बिडी नको म्हटलं तर ते चूल नको म्हणणार. आधी उदबत्ती बंद झाली. मग अंघोळीचा बंब बंद झाला, आणि त्या थंडीत आम्ही सगळे गार पाण्यानं अंघोळ करून दात वाजवत बसायचो. होळी आमच्या आळीतून उचलून नाल्यापलीकडे नेली. शेतात कपाशीच्या काड्या जाळायच्या असल्या की आबा आधी वाऱ्याकडे बघायचे, वारा घराकडे असला की काड्या तशाच पडून. शेजारचे नाना जन्माचे बिडीवाले, ते आमच्या ओट्यावर बसायचे बंद झाले. आपल्या ओट्यावरून ओरडून विचारायचे, "आबा, तुन्हा घर पेटी उनी का सासू उनी?" म्हणजे तुझ्या घरी पेटी आली की सासू? आबांना राग यायचा नाही. उलट ते कागद दाखवायला नानांना बोलवायचे. सकाळी मी काढलेला कागद डबीत जाण्याआधी आबांनी लांबून बघायचा असा शिरस्ताच पडला होता. पांढरा दिसला की खूष. "देख, आपल्या घरचा कागद! जळगावचा कसा निघत असेल, काळाकुट्ट!" त्यांच्या हिशेबी ती परीक्षा होती आणि आमचं घर रोज दोनदा पास होत होतं.

आणि चूल? चुलीचं तर उदबत्तीच्याही आधी झालं. पेटी आली न् महिना झाला नसेल, आबा चोपड्याहून गॅस घेऊन आले. त्या काळी गॅसचा नंबर लागायला माणूस म्हातारा व्हायचा. कुणाकुणाला गाठून, आपल्या घरी सरकारी शास्त्राचं काम चाललंय म्हणून सांगून त्यांनी तो मिळवला. लाल सिलिंडर बैलगाडीतून आला तेव्हा गल्लीतल्या बाया दारात उभ्या. याच गॅससाठी माझ्या मायनं आधी एकदा विचारून पाहिलं होतं. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, भडगावला दिलेली. तिच्या सासरी गॅस बघून माय आली होती आणि जेवण वाढताना हळूच बोलली होती. तेव्हा आबा म्हणाले होते, "गॅसवरच्या भाकरीले काय चव ऱ्हास?" विषय संपला होता. मायसाठी नाही आला तो गॅस, पेटीसाठी आला. हे मी आजही धुळ्यात कुणाला सांगितलं की बाया हसतात आणि हसता हसता गप्प होतात.

चूल मायनं पांढऱ्या मातीनं पोतारून घेतली आणि तिच्यावर पितळी घागर ठेवून दिली. भाकरी गॅसवर व्हायला लागली. आबांनी पहिल्या दिवशी घास तोंडात ठेवला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "चालस." त्यांना अजिबात आवडली नव्हती, पण जगाचं काम होतं. सगळ्यात हाल भरिताचे. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर काळी होईतो भाजायची, सोलायची, लाकडी उखळात मिरची, लसूण, शेंगदाण्यांबरोबर ठेचायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर खायची, हे हिवाळ्यात आमच्याकडे जेवण नसतं, ते काहीतरी देवाच्या जवळचं असतं. त्या हिवाळ्यात मायनं गॅसवर वांगी भाजली. आबांनी, मी, सगळ्यांनी खाल्ली. ताटात भरीत उरलं. आमच्या घरी भरीत उरलं! वाऱ्यावर गावातल्या दुसऱ्या घरांचा काड्यांचा वास यायचा आणि मी भिंतीला टेकून तो ओढत बसायचे.

एक गोष्ट मात्र तेव्हा खटकायची. माय त्या वर्षी स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. आखाजीची, गौराईची गाणी, भाकरी थापता थापता. मला भयंकर राग यायचा. मी इथं कोंडलेली, माझ्या वयाच्या मुली पुढं निघून चालल्या, आणि हिला गाणी सुचतात! एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, गाणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी परत सुरू.

साल सरत आलं. उन्हं अशी तापली की शिडीला हात लावला तरी चटका बसायचा. मी दिवस मोजत नव्हते, पण कुणी जूनचं नाव काढलं की हातातलं काम सोडून ऐकायचे. पेटी जाणार, मी सुटणार. मधल्या काळात जीपचा ड्रायव्हर येऊन डब्या घेऊन जायचा, साहेब स्वतः कधी आले नव्हते. ते आले ते नेमके आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण असं म्हटलं की त्यातलं काहीच कळत नाही. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा सण हा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि खापरावरची पुरणपोळी खातात. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, खाली रसरशीत जाळ, आणि हातावर फिरवत फिरवत पातळ केलेली, ताटाहून मोठी पोळी त्या खापरावर टाकायची. सोबत आमरस. अक्का भडगावहून सकाळच्या गाडीनं आली होती. आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिनं बघितलं तर माय गॅसवर, तव्यावर पोळ्या करतेय.

"खापर कोठे शे?" अक्का म्हणाली.

मायनं तव्यावरची पोळी उलटली. मी वर, पेटीच्या घरघरीकडे बोट दाखवलं.

अक्का रडायलाच लागली. "सालभर वाट देखस मी! सासरी तव्यावरच्या पोळ्या खाते मी रोज. इथं येऊनही तव्यावरची?" तिचं बरोबर होतं. आबा दारात उभे राहून तिची समजूत घालत होते, की बाई, एवढी एक आखाजी, मग पेटी जाई. आणि तेवढ्यात बाहेर जीप वाजली.

साहेबांना सणाचा पाहुणा म्हणून पाटावर बसवलं. पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पोळीचा तुकडा हातात घेऊन ते म्हणाले, "आबा, एक कोडं पडलंय. तुमच्या घरचे कागद आम्ही तपासले. गावाच्या मानानं ते फारच स्वच्छ आहेत, जवळजवळ जंगलातल्या पेटीसारखे. वारा शेताकडून असला त्या दिवशी तर कोरेच."

आबांनी छाती पुढं काढली. "मग! तुमचा शब्द पाळला साहेब. अख्खं साल घरात काडी पेटवली नाही."

साहेबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "म्हणजे?"

मग आबांनी सांगायला सुरुवात केली, हौसेनं, एकेक करून. उदबत्ती, बंब, होळी, काड्या, नानांची बिडी, गॅस. त्यांना वाटत होतं साहेब प्रत्येक वाक्याला खूष होताहेत. मी साहेबांचा चेहरा बघत होते. ते उठले, हात न धुताच स्वयंपाकघराच्या दारात गेले. पोतारलेली चूल, तिच्यावरची चकचकीत घागर त्यांनी पाहिली आणि चौकटीला हात टेकून उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार हळू बोलले. "आबा, मला तुमचं घर रोज जसं असतं तसं हवं होतं. खेड्यातल्या घरातून, चुलीतून, शेतातून वर काय जातं तेच तर मोजायचं होतं. हे वर्ष... हे वर्ष वाया गेलं हो."

आबा एकदम खाली बसले.  मग ते जे बोलले ते मी विसरले नाही. "साहेब, पाहुणे येणार म्हणून माणूस घर झाडणार नाही का?"

साहेब चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.  पुढं मी जन्मभर धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवलं, हवेवर, उष्णतेवर, माणसानं पृथ्वीचं काय केलं त्यावर मुलांना घसा कोरडा होईतो सांगितलं. आता निवृत्त झाले, तर नातू फोनवर धुळ्याच्या हवेचा आकडा दाखवतो आणि म्हणतो, आजी, आज बाहेर जाऊ नको. असा कुठला आकडा दिसला की मला आमचे आबा आठवतात आणि शंका येते, की हा आकडा कुणाच्या तरी झाडलेल्या घराचा तर नसेल?

साहेब म्हणाले, आता एकच मार्ग आहे. पेटी दुसऱ्या गावी न्यावी लागेल आणि नव्यानं सुरुवात करावी लागेल. हे ऐकल्याबरोबर आबा उठून उभे राहिले. पेटी आमच्या दारातून जाणार? नाना, सरपंच, सगळी आळी बघणार? आबांचं नाकच कापलं गेलं असतं. "नाही साहेब! चूक आमची, भरून आम्ही देणार. आणखी एक साल ठेवा. आता रोज जसं असतं तसं करू. चूल पेटवू, काड्या जाळू, नानाला धाब्यावर बसवून बिड्या ओढायला लावू! कागद बदलायला शकू आहेच."

शकू आहेच! मला वाटलं, आता मी इथंच म्हातारी होणार. या साली पेटी, पुढच्या साली आणखी काही, मग एखादं स्थळ, मग संपलं. साहेबांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी ताटं गोळा करायला वाकले. अक्कानं माझा हात धरला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून माय बोलली. परक्या पुरुषासमोर ती कधीच बोलायची नाही, त्या दिवशीही पदर पुढं ओढून, भिंतीकडे बघत बोलली.

"शकूना आबाले सांगा, पेटी मी सांभाळसू. पोरले अमळनेरले जाऊ द्या."

आबा हसले. वाईट नव्हते हसले, त्यांना खरंच गंमत वाटली. "तुले जमी का ते? कागदाले हात लावना नसतो. चिमट्यानं धरना पडतो!"

"इतला साल व्हयनात, निखारा धरस मी चिमट्यानं," माय म्हणाली. "कागद काय भाजस का?"

नाना ओसरीत येऊन उभे राहिले होते, ते खो खो हसले. साहेबसुद्धा हसले. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "काकू, आमच्यासाठी गॅस बंद करू नका. खरंच नका करू. मी दुसरं घर बघतो, चूल असलेली घरं पुष्कळ आहेत."

"पुष्कळ शेत," माय म्हणाली. "मंग त्यास्मा अजून एक." पुष्कळ आहेत, मग त्यांत आणखी एक.

त्या वेळी मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मला फक्त एवढंच कळलं की पेटी राहावी म्हणून आबा आता कशालाही हो म्हणतील. त्यांनी मान हलवली. अक्कानं मला मिठी मारली. मी त्या दिवशी इतकी हलकी झाले होते की झोक्यावर न बसताच उडत होते.

आणि मग काय, सण! गॅसचा तवा उतरला. आबांनी स्वतः काड्यांचा भारा आणला. माळ्यावरून खापर उतरवून धुतलं. मायनं चुलीवरची घागर बाजूला ठेवली, काड्या घातल्या, फुंकणी घेतली आणि फुंकर मारली. धूर आधी जमिनीलगत फिरला, मग भिंतीवर चढला, मग धाब्याच्या झरोक्यातून वर. तो वास! सगळं घर चुलीभोवती गोळा झालं. साहेबांनी डोळे पुसत पुसत पोळी खाल्ली आणि म्हणाले, असं काही मी आयुष्यात खाल्लेलं नाही. अक्का तर मांडी घालून बसलीच, उठायचं नाव नाही. आबा वरची मोटर ऐकत होते, खाली पोळी बघत होते, त्यांना दोन्हीकडचा आनंद होत होता.

दुसरी पोळी खापरावर टाकताना माय खोकली. मग पुन्हा. मग ती तोंडाला पदर लावून वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. खांदे हलत होते. कुणी वळून बघितलं नाही, कारण मायचा खोकला ही काही बघायची गोष्टच नव्हती. आम्ही जन्मलो तो त्या आवाजात. पहाटे चूल पेटली की खोकला, त्यानं आम्हाला जाग यायची. दुपारी, संध्याकाळी खोकला. शाळेतून येताना लांबूनच कळायचं की माय घरी आहे. पण त्या दिवशी तो ऐकताना माझा हात ताटात थांबला. हा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकलेला नव्हता. अख्खं साल नव्हता ऐकला. थंडीत नाही, पहाटे नाही. आणि घरात कुणाला, मला, बारावी सायन्सवालीला, रोज चिमट्यानं हवेचा कागद काढणारीला, हे कळलं नव्हतं की खोकला गेलाय. मला ते गाणं आठवलं आणि मी ताट बाजूला सारलं. जे साल मला कोंडत होतं त्याच सालात ती पहिल्यांदा पोटभर श्वास घेत होती.

धुरावरचे अहवाल मी पुढं बरेच वाचले, शिकवण्यासाठी. त्यात चूल पेटते, धूर वर जातो, ढग बदलतात, पाऊस बदलतो. चुलीपुढं बसलेली बाई त्यात अगदी थोड्या ओळींत येते. मला ते वाचताना चीड येते, अजून येते. आबांवरही येते. त्यांनी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, तरी येते.

जूनमध्ये माझा प्रवेश झाला. जायच्या सकाळी आबा दशमी-लोणच्याचा डबा, गादीची वळकटी बांधून ओट्यावर तयार होते. आत माय माझ्यासाठी भाकरी करत होती, आणि खोकत होती. आता पुन्हा सगळ्यांना त्याची सवय झाली होती. मला होत नव्हती. पेटलेली चूल सोडून ती स्टँडवर येणार नव्हती. रोजच्यासारखी चुलीवरून उठून, लुगडं खोचून, शिडी चढून ती नुकतीच खाली उतरली होती, चिमटा अजून तिच्या हातात होता. कागद मी पाहिला नाही. डबीत गेला होता. मला पाहायचा नव्हता.

मी तिच्यापुढं जाऊन बसले. म्हटलं, "माय, मी नाही जात. गॅस लाव. मी आबांना सांगते, साहेबांना पत्र टाकते. पेटी त्यांना कुठंही नेऊ दे."

तिनं चिमटा भिंतीला टेकवला. मला वाटलं हिला कळलं नाही मी काय म्हणते ते. म्हणून मी म्हटलं, "तुझा खोकला गेला होता माय. वर्षभर गेला होता."

"माले समजत नही का?" ती म्हणाली.

म्हणजे तिला माहीत होतं. आखाजीच्या दिवशी, दारात उभी राहून, भिंतीकडे बघत ती बोलली तेव्हाही माहीत होतं. आपण काय देतोय आणि त्याच्या बदल्यात काय घेतोय, हे त्या घरात तिला एकटीला माहीत होतं. मी तिचे हात धरले. ते गरम होते, पीठ लागलेले. मी रडत होते आणि नाहीच जात, नाहीच जात म्हणत होते. आणि माय, जी आम्हा मुलींवर कधी आवाज चढवायची नाही, तिनं हात सोडवून घेतले आणि माझ्या खांद्याला धरून मला उभं केलं.

"आते तू घर ऱ्हायनी ना, शकू," ती म्हणाली, "ते मना हाऊ सारा खोकला फुकट जाई. ऊठ. गाडी येई."

मी वळकटी उचलली आणि निघाले.